आट्यांचा पाईप-जोड गळू नये म्हणून टेप कशी गुंडाळावी

आटे कितीही घट्ट बसवले तरी एका आट्याची कड आणि समोरच्या आट्याची खाच यांच्यात बारीक फट उरते. ही फट स्प्रिंगसारखी फिरत थेट बाहेर निघते आणि पाणी त्याच वाटेने येतं. टेप (टेफ्लॉनची पातळ पट्टी) ती वाट बुजवते. पकड मात्र आट्यांचीच असते.

म्हणून आधी आटे पाहा. टोकाकडे निमुळते (१६ ला १ उतार) असतील तर टेप लावा. युनियनला (पाईप न फिरवता खोलता येणारा जोड) किंवा वॉशरवर बसणाऱ्या नटला लावू नका. तिथे पाणी बैठक किंवा वॉशर अडवतो. आणखी एक फसगत: अर्ध्या आणि पाऊण इंचात बीएसपी (ब्रिटिश मापाचे आटे) आणि एनपीटी (अमेरिकी मापाचे) दोन्हींना इंचाला १४च आटे असतात. एकमेकांत चढतात, पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. असा जोड टेपने सुधारत नाही.

जुना गंज, टेप, वाळलेला सफेदा (जोडाला लावायचा पांढरा लेप) तारेच्या ब्रशने काढून आटे कोरडे पुसा. पाईपचं तोंड आपल्याकडे ठेवून, पहिला आटा मोकळा सोडून, टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा यावा. पातळ पांढऱ्या टेपचे ४-५ फेरे, जाड असेल तर ३. अंगठ्याने दाबल्यावर खालचे आटे उमटले पाहिजेत. उलट गुंडाळलेली टेप फिटिंग चढवताना सुटून कडेला गोळा होते. पहिल्या आट्यावर आलेली टेप तुटून नळाच्या जाळीत अडकते.

हाताने जाईल तितकं कसा, मग पान्याने दीड-दोन फेरे. दुसऱ्या पान्याने मागचा पाईप धरा, नाहीतर आधीचा जोड ढिला होतो. एल्बोचं (कोपऱ्यात वळणाऱ्या फिटिंगचं) तोंड हव्या दिशेच्या पुढे गेलं तर मागे फिरवू नका: दाबलेली टेप मागे येत नाही, फट पुन्हा उघडते. खोला, पुसा, नवी टेप लावा. प्लॅस्टिकच्या फिटिंगमध्ये धातूचा निप्पल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाईप) कसताना जोर आवरा. निमुळतं टोक पाचरीसारखं शिरून ती उभी तडकते, कधीकधी काही दिवसांनी.

गॅससाठी गॅसचीच टेप, आणि तपासणी साबणाच्या फेसाने. काडी पेटवून कधीच नाही. पाण्याच्या जोडात दाबाने पाणी सोडून त्यावर कोरडा टिश्यू गुंडाळून ठेवा. बोटाला न लागणारी ओल कागदावर अर्ध्या तासात दिसते.