स्टेअरिंगचं ऑइल गळतंय? गॅरेजला नेण्याआधीची तयारी

आधी खात्री करा की तुमच्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग ऑइलवर चालतं. बॉनेटखाली पट्ट्यावर फिरणारा पंप आणि झाकणावर स्टेअरिंगचं चित्र असलेली डबी असेल, तर चालतं. निव्वळ इलेक्ट्रिक मोटरवर चालणाऱ्या स्टेअरिंगमध्ये हे ऑइलच नसतं, मग खाली सांडलंय ते दुसरंच काहीतरी. आमची टोयोटा क्वालिस ऑइलवाली.

काम रविवारी करायचं असेल तरी सुरुवात शनिवारी संध्याकाळी करा. इंजिन गार झालं की डबीवरच्या 'कोल्ड' खुणेशी पातळी बघा आणि आज जिथे आहे तिथे टेप चिकटवा. मग पंप, पाइप, रॅक (स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा आडवा दांडा) सगळं डिग्रीजर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रावण, आणि जुन्या ब्रशने धुऊन कोरडं करा. अल्टरनेटरवर (गाडीची बॅटरी चार्ज करणारं यंत्र) प्लास्टिकची पिशवी बांधायला विसरू नका. कंटाळा आला तरी हे धुणं टाळू नका, कारण ऑइल गळतं एकीकडे आणि थेंब पडतो भलतीकडे. आमच्या गाडीला एका गॅरेजमध्ये 'रॅक गेलाय' सांगितलं होतं, रॅकच्या टोकाचं रबरी आवरण, म्हणजे बूट, ओलं होतं म्हणून. घरी धुऊन टॉर्च धरून बसलो, तेव्हा दिसलं की डबीकडे परतणाऱ्या पाइपच्या क्लिपखाली लाल मणी फुगतोय, पाइपवरून घरंगळतोय आणि बुटावर जाऊन बसतोय. पाइपचं टोक उन्हाने कडक होऊन चिरलं होतं. सोलापूरचा एप्रिल-मे आणि बॉनेटखालची धग, रबर किती वर्षं तग धरणार! म्हणून सगळ्यात खालचा नाही, सगळ्यात वरचा ओला भाग शोधा.

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरा, पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनने आखा. सकाळी डाग बघा. लालसर असेल तर बहुधा स्टेअरिंगचं, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइलही लालच असतं आणि स्टेअरिंगचं जुनं झालं की तपकिरी पडतं. इंजिन ऑइल काळपट, कूलंट हिरवं किंवा गुलाबी आणि वासाला गोडसर. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, सोडून द्या.

रविवारी एक माणूस हाताशी हवा. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. इंजिन चालू करून त्याला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा, मात्र टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू देऊ नका. तिथे दाब सर्वांत जास्त असतो आणि पंप तापतो. तुम्ही वरून टॉर्चने बघा. पंपाकडून रॅककडे जाणाऱ्या जाड पाइपवर हात फिरवून गळती चाचपू नका. त्यातली बारीक धार कातडी भेदून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. तिथे पुठ्ठ्याचा तुकडा धरा. खाली शिरायचं ते इंजिन बंद करून, गाडी खालून टेकू देणाऱ्या स्टँडवर घेऊनच. नुसत्या जॅकवर कधीच नाही.

आता रॅकची दोन्ही बुटं दाबून बघा. आत डचमळ जाणवली तर क्लिप सोडा. ऑइल आलं तर रॅकचं सील (ऑइल आत अडवणारी रबरी कडी) खरोखरच गेलंय आणि ते काम मेकॅनिकचंच. डबीत फेस आणि वळताना घरघर असेल, तर बहुधा डबीतून पंपाकडे जाणारा पाइप हवा ओढतोय. तिथे बाहेर थेंब दिसेलच असं नाही.

सामान फार लागत नाही: नवी क्लिप, पंपाजवळच्या जोडाचे तांब्याचे वायसर, आणि झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलंय तेच ऑइल. सील फुगवून गळती थांबवणारी बाटली मी घेत नाही, ती चिरलेला पाइप सांधत नाही. पुसायला आपल्याकडे टेरी टॉवेलचे तुकडे सहज मिळतात, पण त्यांचे धागे सुटतात. डबीच्या तोंडाशी धोतराचंच फडकं वापरा.

दुरुस्तीनंतर ऑइलमध्ये अडकलेली हवा काढा: पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग पंधरा-वीस वेळा सावकाश टोकापासून टोकापर्यंत, मध्ये मध्ये ऑइल भरत. मग तुळजापूरला एक फेरी मारून या आणि रात्री नवा पुठ्ठा पसरा.