नव्या टॅबलेटवर डेटा आणि लॉगिन हलवताना या चुका टाळा

जुना टॅबलेट लगेच रिसेट करू नका. हा लेख इथेच वाचायचा थांबवलात तरी एवढं मात्र लक्षात ठेवा. घरच्यांचे, मित्रमंडळींचे बरेच टॅबलेट मी आजवर हलवून दिलेत. जिथे खरोखरच काहीतरी कायमचं गेलं, तिथे कारण जवळपास दर वेळी एकच निघालं: नव्यावर सगळं नीट आलंय का हे बघायच्या आधीच जुना पुसून टाकला होता.

या कामात दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि आपण त्या एकच समजतो. फोटो, फायली, कॉन्टॅक्ट यांची नक्कल काढता येते. लॉगिनची नक्कल बहुतेक वेळा निघत नाही, आणि ती मुद्दामच निघू दिलेली नसते. बँकेचं किंवा पेमेंटचं ॲप तुम्ही पहिल्यांदा सुरू करता तेव्हा टॅबलेटच्या आतल्या सुरक्षित भागात एक गुप्त किल्ली तयार होते. ती बाहेर काढताच येऊ नये अशी सोय केलेली असते. बॅकअपमधून ॲप नव्या टॅबलेटवर येतं, पण किल्ली जुन्यातच राहते. त्यामुळे "सगळं कॉपी झालं, मग हे पुन्हा लॉगिन का मागतंय?" असा प्रश्न पडला तर घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. पुन्हा ओळख पटवायला जे जे लागतं ते बऱ्याचदा जुन्याच टॅबलेटवर असतं, म्हणून तो चालू राहायला हवा.

कोड देणारं ॲप विसरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ऑथेंटिकेटर ॲपमधला, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर लागणारा सहा आकडी कोड कुठून मेसेजने येत नाही. तुमच्या टॅबलेटवर साठवलेलं एक गुपित आणि त्या क्षणाची वेळ यांवरून तो तिथल्या तिथे तयार होतो, आणि साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो. गुपित पुसलं गेलं की कोड संपले. ॲप नव्याने इन्स्टॉल केलं तरी आत काहीच नसतं.

गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये कोड खात्याशी सिंक करायची, म्हणजे खात्यातून सगळ्या डिव्हाइसवर आपोआप एकसारखे ठेवायची, सोय एप्रिल २०२३ मध्ये आली. ती चालू आहे असं गृहीत धरू नका. ॲप उघडा आणि त्यात तुमचं खातं जोडलेलं आहे का ते बघा. बिनखात्याने वापरत असाल तर कोड फक्त त्या एका टॅबलेटवर आहेत. अशा वेळी जुन्यावर खाती ट्रान्सफर करायचा पर्याय निवडून एक्स्पोर्ट करा. क्यूआर कोड येईल, तो नव्याने स्कॅन करा. दुसऱ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये मेनूची नावं वेगळी असतील, एखाद्यात ही सोयच नसेल. तसं असेल तर प्रत्येक खात्यात जाऊन नव्या टॅबलेटची नव्याने नोंद करावी लागते, आणि त्यासाठीही बहुधा जुन्यावरचा कोड लागतोच.

हलवून झालं की दोन्ही टॅबलेट शेजारी ठेवा आणि एकाच खात्याचा कोड दोन्हीकडे बघा. सहाच्या सहा आकडे त्याच क्षणी जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर आधी नव्या टॅबलेटचं घड्याळ तपासा. वेळ हाताने लावलेली असेल आणि एक-दोन मिनिटं पुढेमागे असेल तर कोड चुकीचे येतात. तारीख-वेळ 'आपोआप' करा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो. त्यानंतरही नुसत्या जुळण्यावर समाधान मानू नका. एका खात्यातून बाहेर पडा आणि नव्यावरचा कोड घालून प्रत्यक्ष आत शिरून बघा.

याच वेळी बॅकअप कोडही काढून ठेवा. गूगल आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहा. त्यांचा स्क्रीनशॉट जुन्याच टॅबलेटवर ठेवून उपयोग नाही, आणि फक्त पासवर्ड मॅनेजरमध्ये (सगळे पासवर्ड जपणाऱ्या ॲपमध्ये) ठेवूनही नाही. पासवर्ड मॅनेजर उघडायला ऑथेंटिकेटरचा कोड लागतो, ऑथेंटिकेटर ज्या खात्याशी सिंक होतं त्याचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच. हा फेरा माणूस बाहेर अडकल्यावरच लक्षात येतो. खात्यात नोंदवलेला रिकव्हरीचा मोबाइल नंबर आणि ईमेल आजही तुमच्याच हातात आहेत ना, हेही आत्ताच बघून घ्या. बंद केलेला जुना नंबर तिथे तसाच राहिलेला मी अनेकदा पाहिलाय.

पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी बोटाचा ठसा, चेहरा किंवा स्क्रीन लॉक वापरून लॉगिन करायची सोय, वापरत असाल तर एक लक्षात घ्या. ॲपलकडे साठवलेल्या पासकी अँड्रॉइड टॅबलेटवर आपोआप दिसत नाहीत, आणि गूगलकडे साठवलेल्या पासकी आयपॅडवर आपोआप दिसत नाहीत. कंपनी बदलत असाल तर जुना हाताशी असतानाच नव्यावर नवी पासकी तयार करा.

"बॅकअप चालू आहे ना, मग सगळं आहे"

माझ्या भाचीचा टॅबलेट बदलला तेव्हा चित्रं काढायचं ॲप नव्यावर आपसूक आलं. आयकॉनसुद्धा जुन्याच जागी, तिच्या खेळांच्या शेजारी बसला होता. तिने उघडलं तर गॅलरी रिकामी. ती काही बोललीच नाही, नुसती बोटाने स्क्रीन वर-खाली सरकवत राहिली, जणू अजून खाली गेलं की चित्रं सापडतील. जुना टॅबलेट पुसलेला नव्हता म्हणून निभावलं. त्यातलं एकेक चित्र उघडून फाइल म्हणून एक्स्पोर्ट केलं, ड्राइव्हवर चढवलं, संध्याकाळ त्यात गेली. पण सगळी मिळाली.

असं का होतं? अँड्रॉइडच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये एका ॲपचा जास्तीत जास्त २५ एमबी डेटा जातो, आणि ॲप बनवणाऱ्याने बॅकअप बंद ठेवला असेल तर तेवढाही जात नाही. सेटिंग, हाय स्कोअर, छोट्या नोंदी यांना २५ एमबी पुरतात. चित्रं, रेकॉर्डिंग, मोठ्या हस्तलिखित वह्या यांना पुरत नाहीत. डाउनलोड फोल्डरमधल्या पीडीएफही या बॅकअपवर सोडू नका, त्या स्वतः उचलून ड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर ठेवा.

आयपॅडचा आयक्लाउड बॅकअप जास्त पोटभर असतो, पण फुकटची जागा फक्त ५ जीबी. ती भरली की बॅकअप थांबतो, आणि "जागा संपली" ही सूचना आपण रोज बाजूला सारत असतो. म्हणून बॅकअप चालू आहे का यापेक्षा शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते बघा. नव्या आयपॅडवर जायच्या वेळी ॲपल तात्पुरती जास्तीची जागा मोफत देतं, साधारण २१ दिवसांसाठी. सेटिंगमध्ये रिसेटच्या पानावर नव्या आयपॅडची तयारी करायचा पर्याय असतो, तो वापरा. कॉम्प्युटरवर बॅकअप घेत असाल तर 'एन्क्रिप्ट' (पासवर्डने कुलूपबंद) वर टिक करा. टिक नसेल तर सेव्ह केलेले पासवर्ड त्यात येत नाहीत.

गूगलचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. मेल तुंबली असेल तर फोटो वर जायचे बंद झालेले असू शकतात. शिवाय गूगल फोटोज कॅमेऱ्याचे फोटो घेतं, पण बाकीची फोल्डरं, म्हणजे स्क्रीनशॉट, इतर ॲपमधून आलेले फोटो, ही तुम्ही वेगळी चालू केल्याशिवाय घेत नाही.

आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. "नव्यावर फोटो आले, आता जुन्यावरचे उडवू" असं म्हणून जुन्यावर हाताने डिलीट केलंत तर सिंक चालू असल्यामुळे ते नव्यावरूनही जातात. आयक्लाउडमध्ये ते ३० दिवस 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये मिळतात, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतात. तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक.

खात्री करायची माझी पद्धत साधी आहे. तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये त्या खात्याने लॉगिन करायचं आणि जुन्यावरची अगदी ताजी नोंद तिथे दिसते का बघायची. दिसली तर ती खरंच क्लाउडवर आहे. ज्या ॲपला वेबवर जागाच नाही आणि ज्याने कधी लॉगिन मागितलं नाही, त्यातला माल फक्त जुन्या टॅबलेटवर आहे असं धरून चाला. लॉगिन न करता पाहुणा म्हणून खेळलेल्या खेळांचंही तेच. जुन्यावर खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी खातं जोडा.

सेटअपच्या पहिल्या पानावर घाई

"जुन्या डिव्हाइसवरून कॉपी करा" हे पान घाईत ओलांडलं जातं. "नंतर बघू" म्हणतो, पण ॲपमधल्या डेटासह पुरतं स्थलांतर करायची खरी वेळ तीच असते. आयपॅडवर आयक्लाउडचा बॅकअप उतरवायचा पर्याय सेटअपमध्येच मिळतो. नंतर हवा असेल तर नवा आयपॅड पूर्ण पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. पान निसटलंच असेल तर दोन दिवस वापरून, त्यात नवं सामान भरून मग पुसण्यापेक्षा नवा लगेच पुसा.

आयपॅडवर "बॅकअप रिस्टोअर करता येत नाही" असं आलं तर बहुधा जुन्यावरची आयपॅडओएस (आयपॅडची सिस्टीम) नव्यापेक्षा पुढची असते. डब्यातून निघालेला टॅबलेट नवा असतो, पण त्यातली सिस्टीम कधीकधी काही महिने जुनी असते. आधी अपडेट, मग रिस्टोअर. दोन्ही टॅबलेट चार्जरला लावा, आणि काम चालू असताना जुना उचलून व्हिडिओ बघायला घेऊ नका.

लॉगिन झालं, पण आत काहीच नाही

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते: "माझ्या सगळ्या नोट्स गेल्या!" गेलेल्या नसतात. त्या ॲपमध्ये पूर्वी 'गूगलने साइन इन' केलेलं असतं, आणि आता ईमेल टाकून नवा पासवर्ड बनवलेला असतो. ॲपच्या लेखी तुम्ही नवे ग्राहक, म्हणून ते तुम्हाला कोरं खातं उघडून देतं. ॲपलचा ईमेल लपवायचा पर्याय पूर्वी निवडला असेल तर तिथे तुमचा पत्ता नसतोच, ॲपलने बनवून दिलेला वेगळाच पत्ता असतो. यावर उपाय जुन्या टॅबलेटवर आहे. महत्त्वाची ॲपं एकेक उघडा, प्रोफाइलमध्ये जा, कोणत्या ईमेलने आणि कोणत्या बटणाने लॉगिन आहे ते वहीत टिपा. अर्ध्या तासाचं काम आहे. हे एवढं केलंत तरी निम्मी डोकेदुखी संपते.

ओटीपी आला नाही म्हणून "पुन्हा पाठवा" दाबत सुटू नका. बहुतेक ठिकाणी शेवटचा ओटीपीच चालतो. उशिराने एकदम तीन आले की आपण पहिला टाकतो, तो चुकतो, आणि दोन-तीनदा असं झालं की खातं काही वेळ बंद पडतं. एकदा मागवा आणि थांबा.

व्हॉट्सॲपबाबत एकच सांगतो. ते फोनवर चालू असेल तर टॅबलेटवर नंबर टाकून नव्याने नोंदणी करू नका, नाहीतर फोनवरचं बंद होईल. टॅबलेट 'लिंक केलेलं डिव्हाइस' म्हणून जोडा. फोनला अशी चार डिव्हाइस जोडता येतात, आणि चॅट फोनवरून येतात, त्यामुळे जुन्या टॅबलेटवरून काही हलवायचं नसतंच. फोनवर १४ दिवस व्हॉट्सॲप उघडलं नाही तर जोडणी तुटते, तेव्हा पुन्हा क्यूआर स्कॅन करायचा.

मेमरी कार्ड काढून नव्यात घातलं आणि ते "फॉरमॅट करा" म्हणतंय? थांबा, फॉरमॅट करू नका. अँड्रॉइड ६ पासून काही टॅबलेटवर कार्ड आतली मेमरी म्हणून वापरता येतं. तसं केलेलं कार्ड एन्क्रिप्ट होतं आणि फक्त त्याच टॅबलेटला वाचता येतं. ते परत जुन्यात घाला आणि फायली तिथून कॉपी करा.

कंपनी बदलली असेल तर विकत घेतलेली ॲपं सोबत येत नाहीत. सबस्क्रिप्शनचे पैसे मात्र जुन्या स्टोअरमधून कापले जात राहतात, ॲप काढून टाकल्याने ते थांबत नाहीत. ते त्या स्टोअरमध्ये जाऊनच रद्द करा.

जुना कधी पुसायचा

मी महिनाभर ठेवतो. काही ॲपं महिन्यातून एकदाच उघडली जातात, आणि त्यांचं लॉगिन अडलेलं तेव्हाच कळतं. पण बंद करून ड्रॉवरमध्ये विसरू नका. अँड्रॉइड टॅबलेट ५७ दिवस वापरला नाही तर त्याचा क्लाउडवरचा बॅकअप पुसला जाऊ शकतो, आणि आयक्लाउड बॅकअप बंद केल्यावर जुना बॅकअप १८० दिवसच राहतो.

पुसताना आधी खातं काढा, मग रिसेट करा. आयपॅडवर 'फाइंड माय' (हरवलेला आयपॅड शोधायची सोय) बंद करून साइन आउट, अँड्रॉइडवर सेटिंगमधून गूगल खातं रिमूव्ह. तसं न करता बटणं दाबून रिसेट केलं तर टॅबलेट पुन्हा सुरू होताना तुमचाच पासवर्ड मागतो, आणि ज्याला तो दिलाय त्याच्या हातात नुसती काच राहते. चोरांना अडवायला केलेली ही सोय आहे, आयपॅडवर २०१३ पासून आणि अँड्रॉइडवर ५.१ पासून. आणि रिसेटचं बटण दाबण्यापूर्वी कडेच्या खाचेत पिन घालून ट्रे बाहेर काढा. सिम आणि मेमरी कार्ड बऱ्याचदा तिथेच राहून जातं, आणि कार्डावरचे फोटो रिसेटने पुसले जातीलच असं नाही.