कन्नडमधलं मराठी आणि दीड हजाराची डिस्क

भाच्याला प्लेस्टेशन ५ चा गेम हवा होता. नवी डिस्क चार-पाच हजारांची, म्हणून जुनी शोधायला एका सोशल साइटवरच्या बेळगावच्या खरेदी-विक्री ग्रुपात शिरलो. तिथं सगळा मेनू कन्नडमध्ये! खानापुरात वाढलोय, कन्नड बोलतो फाडफाड, पण वाचताना अजून अक्षरं लावत बसतो.

आधी ॲपमधली भाषा बदलली. भाषांच्या यादीत प्रत्येक नाव आपापल्या लिपीत असतं, त्यामुळं ‘मराठी’ लगेच सापडलं. तरी लोकांच्या मराठी जाहिराती कन्नडमध्येच दिसत होत्या! इथं माझे दोन दिवस गेले. मेनूची भाषा वेगळी आणि पोस्ट भाषांतराची वेगळी, हे कोण सांगणार? भाषांतराच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मराठीचं भाषांतर नको’ केलं, तेव्हा जाहिराती मूळ रूपात आल्या. अँड्रॉइड १३ पासून फोनच्या सेटिंगमध्येही प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. तिथंही बघून घ्या.

मग निपाणीच्या एका पोराकडून दीड हजारात पीएस ४ ची, म्हणजे आधीच्या प्लेस्टेशन ४ ची, डिस्क घेतली. ती पीएस ५ वर चालते, पण डिस्क घालायचा ड्राइव्ह असलेल्यावरच. बिनड्राइव्हचा असता तर पैसे पाण्यात. डिस्क उजेडात तिरकी धरून ओरखडे बघितले, त्याच्याच घरी लावून चालवली, मगच पैसे दिले. खेळताना डिस्क आत ठेवावीच लागते, भाचा कुरकुरतो. कुरकुरू दे. खेळून झाला की हीच विकून पुढची घेणार. डाउनलोड केलेला गेम थोडाच विकता येतो?