पाच संदर्भ, उगम एकच

इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात मी सादर केलेल्या पहिल्या निबंधात एका विधानाला पाच संकेतस्थळांचा आधार जोडला होता, आणि पाच ठिकाणी तेच आढळते म्हणजे ते खरेच असणार, याविषयी मला शंका नव्हती. तपासणीत ते पाचही आधार एकाच जुन्या लेखातून उतरलेले निघाले आणि त्या लेखाला स्वतःला कसलाच आधार नव्हता. निबंध परत आला, तो दिवस मला अजून सलतो.

हा सापळा नीट समजून घ्यावा. एक जण संदर्भ न देता काही लिहितो, दुसरा त्याचा हवाला देतो, तिसरा दुसऱ्याचा, आणि चौथ्यापर्यंत येताना मूळ लेख दिसेनासा होऊन ते विधान सर्वमान्य ठरते. एच. एल. मेंकन या अमेरिकी पत्रकाराने 1917 मध्ये बाथटबचा संपूर्ण कपोलकल्पित इतिहास वर्तमानपत्रात छापला. 1926 मध्ये त्याने स्वतःच तो खोटा असल्याचे जाहीर केले, तरीही व्हाइट हाउसमध्ये पहिला बाथटब अध्यक्ष फिलमोर यांनी बसवला, हे त्यातले विधान पुढेही छापले जातच राहिले. म्हणून आधार मोजत बसू नये. प्रत्येकाची तळटीप धरून मागे जावे आणि ती जिथे संपते तिथे समकालीन, म्हणजे त्या घटनेच्याच काळातला, कागद आहे की नुसते कोणाचे म्हणणे, हे पाहावे. दोन ठिकाणी नावाची तीच चूक किंवा वाक्याची तीच ठेवण दिसली, तर एकाने दुसऱ्याचे किंवा दोघांनी तिसऱ्याचे उतरवले आहे असे समजावे. तारखांतली तफावत मात्र दर वेळी चूक नसते. रशियातील ऑक्टोबर क्रांती जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे 25 ऑक्टोबर 1917 ला, तर नव्या दिनदर्शिकेप्रमाणे 7 नोव्हेंबरला झाली.

विकिपीडिया वर्ज्य मानण्याचे कारण नाही, पण तेथील लेखाआधी त्याखालची संदर्भसूची वाचावी. इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या संकेतस्थळांवर जुन्या ग्रंथांची छायांकित पाने मिळतात. शोधासाठी यंत्राने त्या पानांवरून तयार केलेल्या मजकुरात अक्षरे आणि आकडे पुष्कळदा बदललेले असतात, त्यामुळे उद्धृत करण्यापूर्वी पानाचे चित्र पाहावेच. जेस्टोर या संशोधनपर नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात ग्रंथापेक्षा त्याची परीक्षणे आधी शोधावीत, कारण ग्रंथाच्या उणिवा त्याच विषयातल्या अभ्यासकाइतक्या स्पष्टपणे दुसरे कोणी सांगत नाही.

दहा मिनिटांत एक शतक उलगडून दाखवणाऱ्या चित्रफितींवर निबंध उभारू नका. त्यांत तळटीप नसते, म्हणजे मागे जाण्याची वाटच नसते. तयार दुव्यांची यादी हाती देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा ‘हे तुम्हाला कुठून कळले?’ असे प्रत्येक परिच्छेदाला विचारणारा मार्गदर्शक मला अधिक मोलाचा वाटतो, आणि तसा कोणी नसेल तर ग्रंथपालांना संकोच न करता विचारावे.

सुरुवातीला एका विधानाचा माग काढण्यात चार-चार संध्याकाळी जातात आणि हाती काहीच लागत नाही, तेव्हा घाबरून जाऊ नये. माझे ते पाच संदर्भांचे विधान दुसऱ्या मसुद्यात ‘या दाव्याला समकालीन पुरावा आढळला नाही’ एवढ्याच वाक्यात आले, आणि निबंध स्वीकारला गेला.