आपल्या इमारतीचा पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

नाशिक महापालिकेच्या हद्दीत २००१च्या जनगणनेत १०,७७,२३६ माणसे होती; २०११मध्ये ती १४,८६,०५३ झाली. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर केवळ या दहा वर्षांतल्या वाढीसाठी दिवसाला साडेपाच कोटी लिटर पाणी जास्त लागते. गंगापूर धरणाची साठवण मात्र माणसांबरोबर वाढत नाही, उलट गाळाने घटते, आणि त्याच गोदावरीच्या पाण्यावर शेतीचा व खाली जायकवाडीचाही हक्क आहे. एवढ्या मोठ्या आकड्यांपुढे आपण काय करणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून हिशेब आपल्या इमारतीपासूनच सुरू करावा.

आधी माणसे मोजावीत. सोसायटीच्या वहीत सदनिकांची नोंद असते, राहणाऱ्यांची नसते. भाड्याने राहणारे विद्यार्थी आणि वॉचमनच्या खोलीतले कुटुंब यादीतून हमखास सुटते.

मग पाणी मोजावे. मीटर असल्यास सलग सात दिवस ठरावीक वेळी आकडा लिहून घ्यावा, आणि त्यात रविवार असावाच, कारण कपडे आणि गाड्या त्याच दिवशी धुतल्या जातात. सात दिवसांच्या एकूण वापराला सातने आणि मग माणसांच्या संख्येने भागले की माणशी रोजचा वापर कळतो. तो १३५ लिटरपेक्षा बराच जास्त आला, तर लोकांना दोष देण्याआधी गळती तपासावी.

त्यासाठी रात्री एक वाजता पंप बंद ठेवून गच्चीवरच्या टाकीत खडू फासलेली काठी तळाला टेकेपर्यंत उभी बुडवावी आणि ओल जिथपर्यंत चढली तिथे खूण करावी. चार वाजता काठी पुसून, पुन्हा खडू लावून तसेच करावे. टाकी चार मीटर लांब व तीन मीटर रुंद असेल आणि पातळी दोन सेंटिमीटर उतरली असेल, तर २४० लिटर पाणी गेले. रात्रीचे एखाद-दोन फ्लश वजा केले तरी उरलेली गळती दिवसभर चालूच असते, आणि ती दहा-बारा माणसांचा रोजचा वाटा गिळते. बहुतेक वेळा दोष फ्लशच्या टाकीतल्या झिजलेल्या वॉशरमध्ये सापडतो.

यानंतरचा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे शंभर चौरस मीटर गच्चीवर सत्तर हजार लिटर. त्यातले ऐंशी टक्के हाती लागले तरी छप्पन्न हजार. एका माणसाला वर्षभरात एकोणपन्नास हजार लिटर लागतात. बंगला पाडून तिथे सात मजले उभे राहतात तेव्हा माणसे अनेक पटींनी वाढतात, पण गच्चीवर पडणारा पाऊस जवळजवळ तेवढाच राहतो. आपल्या गच्चीचे क्षेत्रफळ घालून हा आकडा काढावा आणि वर्षाच्या एकूण वापराशेजारी लिहावा.

बोअरवेलचे पाणी या ताळेबंदात उत्पन्न म्हणून धरू नये. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्येच साठते, आणि शेजारच्या प्लॉटवर नवी बोअर पडली की तेच पाणी दोघांत वाटले जाते. पावसाचे पाणी गाळून जमिनीत मुरवले तर तेवढेच जमेच्या बाजूला लिहावे. नव्या विंगचा प्रस्ताव सभेत आला की हीच वही पुढे ठेवावी आणि वाढणाऱ्या प्रत्येक माणसाचे १३५ लिटर कोठून येणार, याचे उत्तर लेखी मागावे.