साक्षीदाराला संमोहनाखाली विचारायचं असेल तर

संमोहनात गेलेला साक्षीदार जास्त बोलतो, पण त्याला जास्त आठवतं असं समजू नका. १९८३ साली कॅनडात झालेल्या एका प्रयोगात लोकांना ६० चित्रं दाखवली, आठवडाभर पुन्हा पुन्हा आठवायला लावली आणि मग काहींना संमोहित केलं. संमोहितांनी इतरांच्या दुप्पट नव्या गोष्टी सांगितल्या, चुका मात्र तिप्पट केल्या. खरं आणि चुकीचं दोन्ही ते सारख्याच ठामपणे सांगत होते. तपास अधिकाऱ्याची खरी पंचाईत इथेच होते, कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणून संमोहनातून निघालेलं वाक्य हा फक्त धागा धरा. त्याचा जबाब होत नाही. जो तपशील नोंदवही, सीसीटीव्ही किंवा फोनच्या नोंदींशी ताडून पाहता येत नाही, तो मिळूनही फारसा उपयोग नाही. १५ जुलै १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या चाउचिला इथे शाळेची बस पळवून २६ मुलं आणि चालक एड रे यांना खाणीत पुरलेल्या ट्रकच्या खोक्यात कोंडलं होतं. सुटून आल्यावर रे यांनी संमोहनाखाली अपहरणकर्त्यांच्या गाडीचा नंबर सांगितला, आणि त्यात एक चिन्ह सोडलं तर सगळं बरोबर होतं. संमोहनाच्या बाजूने बोलणारे आजही हेच उदाहरण देतात. पण ते जमलं कारण नंबर नोंदणीत शोधता येतो. ‘त्याच्या डोळ्यांत द्वेष होता’ हे कोणत्या नोंदणीत शोधणार?

आधी हे करून बघा

संमोहनाकडे जाण्याआधी साधी स्मृती-मुलाखत घ्या. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ फिशर आणि गाइझलमन यांनी १९८० च्या दशकात ती घडवली. साक्षीदाराला त्या वेळचं ठिकाण, उजेड, आवाज, वास आणि मनःस्थिती मनात उभी करायला सांगायचं. क्षुल्लक वाटलं तरी सगळं सांगायला सांगायचं. मग प्रसंग शेवटाकडून सुरुवातीकडे सांगून घ्यायचा. त्यांनी १९८५ साली तीन पद्धतींची तुलना केली, तेव्हा या पद्धतीने सरासरी ४१ बरोबर तपशील मिळाले, संमोहनाने ३८ आणि नेहमीच्या पोलिसी विचारपुशीने २९. थोडक्यात, संमोहनातून जो फायदा होतो तो बहुतेक शांतपणे, मध्ये न तोडता ऐकण्यातून आणि प्रसंग पुन्हा उभा करण्यातून येतो. तंद्रीची गरज त्यासाठी लागत नाही.

तरीही संमोहन करायचंच ठरलं, तर पुढचा क्रम मोडू नका.

सत्राआधीची तयारी

सगळ्यात महत्त्वाचं काम संमोहनाच्या आधीचं आहे. साक्षीदार जागेपणी जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत, पूर्ण, व्हिडिओवर घ्या. एकही प्रश्न न विचारता पहिलं कथन संपू द्या. चित्रकाराकडून रेखाचित्र आणि ओळख परेड दोन्ही याच टप्प्यात उरका. नंतर घेतलेल्या ओळखीला किंमत राहत नाही, कारण साक्षीदार तेव्हा घटनास्थळावरचा चेहरा ओळखतो की तंद्रीत पाहिलेला, हे त्यालाही सांगता येत नाही. रेकॉर्डिंगची प्रत सीलबंद करा, दिनांक आणि वेळ टाका. पुढे कोर्टात ‘हे आधीच सांगितलं होतं’ दाखवायला एवढीच वस्तू हातात असते.

संमोहक मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ असावा, पोलिसांचा नसावा. त्याला प्रकरण जितकं कमी माहीत तितकं बरं. जे सांगायचं ते एका कागदावर लेखी द्या: घटनेचा दिनांक, जागा, साक्षीदार कुठे उभा होता. संशयिताचं नाव, वर्णन, गाडीचा रंग यातलं काही नाही. संमोहकाला संशयिताच्या पांढऱ्या गाडीबद्दल कळलेलं असेल, तर ‘पांढरी’ शब्द न उच्चारताही त्याचा आवाज योग्य जागी थबकतो. संमोहित माणूस तो थबकणं पकडतो.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली हर्ड खटल्यात मान्य केलेल्या सहा अटींमध्ये वरचं जवळपास सगळं येतं. त्या मनोविकारतज्ज्ञ मार्टिन ऑर्न यांच्या सूचनांवर बेतलेल्या आहेत. सहावी अट लोकांना सगळ्यात जड जाते: खोलीत फक्त दोघं, संमोहक आणि साक्षीदार. तपास अधिकाऱ्याला बसायचं असेल तर दुसऱ्या खोलीत पडद्यासमोर बसावं, आणि त्याने चिठ्ठ्या पाठवू नयेत. पीडितेला सोबत कोणी हवं असेल तर ती व्यक्ती बाहेर, हाकेच्या अंतरावर ठेवा.

कोणाला घेऊ नये? आरोपी होण्याची शक्यता असलेल्याला, लहान मुलांना, नशेत किंवा झोपेविना आलेल्याला, मनोविकाराचा तीव्र टप्पा चालू असलेल्याला. लैंगिक अत्याचारातून नुकत्याच गेलेल्या व्यक्तीला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या लेखी होकाराशिवाय घेऊच नका. संमती लेखी असावी, आणि ‘यामुळे तुमची साक्ष कोर्टात अडचणीत येऊ शकते’ हे वाक्य त्यात स्पष्ट असावं. बहुतेक संमतीपत्रांत नेमकं हेच गाळलेलं असतं.

खोली आणि सत्र

दोन कॅमेरे लागतात. एकात साक्षीदाराचा चेहरा आणि हात, दुसऱ्यात दोघंही एकत्र, आणि दोन्हींवर वेळ उमटलेली. दाराबाहेरच्या गप्पाही ‘संपर्क’ धरल्या जातात, म्हणून साक्षीदार खोलीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका. दोन-तीन तास लागतील असं धरा. बॅटरी, मेमरी कार्ड जादाचं ठेवा. मध्ये पाच मिनिटं रेकॉर्डिंग बंद पडलं की सगळा संशय त्या पाच मिनिटांवर येतो.

संमोहनात नेणं हा तुलनेने सोपा भाग. नजर एका बिंदूवर, श्वास संथ, पायांपासून वर शरीर सैल, मग वीसपासून एकपर्यंत उलटी गणती. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. खोल तंद्रीच्या मागे लागू नका. जितका माणूस सहज संमोहित होतो तितका तो सुचवलेलं खरं मानायला तयार असतो. कॅनडातल्याच १९८३ च्या दुसऱ्या प्रयोगात अशा २७ जणांना संमोहनात सुचवलं की एका रात्री मोठ्या आवाजाने त्यांना जाग आली होती. नंतर जागेपणी २७ पैकी १३ जणांनी ते खरंच घडलं असं सांगितलं.

आता प्रश्न. जास्तीत जास्त गोंधळ इथेच होतो.

‘त्याच्या हातात काय होतं?’ हे चूक. हातात काहीतरी होतंच असं त्यात गृहीत धरलंय, आणि संमोहित माणूस रिकामा हात दाखवायला लाजतो. ‘पुढे काय होतं?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. दहा-पंधरा सेकंदांची शांतता विचारणाऱ्याला असह्य वाटते, साक्षीदाराला वाटत नाही. ‘नंबर वाचा बरं’ असं कधीही म्हणू नका. पुण्याच्या साक्षीदाराला ‘एमएच १२’ रोज दिसतं. अंधुक पाटीवर तो तेच वाचणार, आणि तेही खात्रीने. त्याऐवजी ‘गाडीबद्दल जे दिसतंय ते सांगा, दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा’ असं विचारा. ‘माहीत नाही’ म्हणायची मुभा तंद्रीत जाण्याआधी एकदा आणि आत दोनदा द्या.

एक जुनी युक्ती अजून शिकवली जाते: डोळ्यांसमोर टीव्ही आहे असं समजा, प्रसंग थांबवा, मागे न्या, चेहरा मोठा करून बघा. १९७० च्या दशकात लॉस एंजेलिस पोलिसांचे मानसशास्त्रज्ञ मार्टिन रायझर यांनी ती लोकप्रिय केली. ती वापरू नका. स्मृती ही चित्रफीत नाही. वीस मीटरवरून, अंधारात, तीन सेकंद दिसलेल्या चेहऱ्यावरचा तीळ डोळ्यांत उतरलेलाच नसतो, मग मोठं केल्यावर तो येणार कुठून? साक्षीदार मात्र सांगितलंय म्हणून मोठं करून बघतो, आणि रिकाम्या जागी मन भर घालतं.

पीडित व्यक्ती रडू लागली, श्वास भराभर चालू लागला किंवा ती वर्तमानकाळात किंचाळायला लागली, तर कथन तिथेच सोडा. ‘आज अमुक दिनांक आहे, तुम्ही या खोलीत आहात, पाय जमिनीला टेकलेत, मी समोर आहे’ असं सांगत परत आणा. ‘आणखी थोडंच राहिलंय’ म्हणून पुढे रेटणारा संमोहक पुन्हा बोलावू नका.

बाहेर आणताना एक ते पाच मोजा, प्रत्येक आकड्याला शरीर जागं होत असल्याची सूचना द्या. ‘आता तुम्हाला दिवसेंदिवस आणखी स्पष्ट आठवेल’ असं कधीही बोलू नका. बोलणाऱ्याला ती सदिच्छा वाटते, पण साक्षीदारासाठी ती सूचनाच असते, आणि खोट्या आठवणी पुढचे कित्येक आठवडे वाढत राहतात.

त्यानंतर

जागेपणी पुन्हा एकदा मुक्त कथन घ्या. मग एका कागदावर तीन रकाने करा: आधी सांगितलेलं, संमोहनात सांगितलेलं, नंतर सांगितलेलं. मधल्या रकान्यातला जो तपशील पहिल्यात नाही त्यापुढे तपासायचं साधन लिहा. साधन सापडलं नाही तर त्यावरून कोणाला ताब्यात घेऊ नका.

कॅलिफोर्नियाचा कायदाही आधी नोंदवलेलं आणि नंतरचं असाच फरक करतो. तिथे १९८२ च्या शर्ली निकालाने संमोहित साक्षीदाराला जवळपास बाहेरच ठेवलं होतं. नंतर आलेल्या तरतुदीने त्याला फक्त संमोहनाआधी नोंदवलेल्या गोष्टींपुरती साक्ष देता येते. १९८७ च्या रॉक खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संमोहित झालेल्या आरोपीची स्वतःची साक्ष सरसकट नाकारता येणार नाही असं ठरवलं, पण तो मुद्दा आरोपीच्या हक्काचा होता. टेक्सासने २०२३ च्या कायद्याने पोलिसांनी घेतलेल्या संमोहन-सत्रातला जबाब खटल्यात वापरणं बंद केलं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा सेल्वी निकाल नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचणीबद्दल आहे. संमोहनाचा प्रश्न त्यात नव्हता. संमतीशिवाय कोणावरही अशी चाचणी लादता येत नाही हे तत्त्व मात्र इथे तसंच लावून चाला. दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब, म्हणजे पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४ आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचं १८३, संमोहनाच्या आधीच नोंदवून घ्या. उलटतपासणीत बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार: हे वाक्य पहिल्या जबाबात का नाही?

सत्रानंतर दोन-चार दिवसांनी साक्षीदाराचा फोन येतो, ‘साहेब, आणखी आठवलंय.’ फोनवर काही विचारू नका, शाबासकीही देऊ नका. वेळ लिहून ठेवा, त्यालाच एका कागदावर लिहून आणायला सांगा, आणि तो कागद तिसऱ्या रकान्याला जोडा.