मच्छीमारांना आऊटबोर्ड शिकवताना या चुका टाळा

मालवण-देवगड पट्ट्यात मी आऊटबोर्ड इंजिनची, म्हणजे होडीच्या मागच्या बाजूला बाहेरून लावायच्या मशीनची, दुरुस्ती शिकवतो. वर्गात पंचविशीचा खलाशी असतो आणि त्याच्याच बाकावर पन्नाशी ओलांडलेला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. आयटीआयच्या पोरांना शिकवायची सवय असलेला निदेशक इथे पहिल्याच आठवड्यात अडखळतो. मीही अडखळलो होतो.

माझी सर्वांत मोठी चूक फिलर गेजवरून झाली, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांच्या हत्यारावरून. एक काका गेज हातात घ्यायचे आणि लगेच शेजारच्याला द्यायचे, "तूच बघ रे." मला वाटलं, यांना मोजमापच कळत नाही. तीन दिवस मी तेच तेच समजावलं आणि ते मान डोलावत राहिले. चौथ्या दिवशी त्यांच्या पुतण्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, काकांका जवळचा दिसणा नाय." चाळिशी घरी होती. पोरांसमोर ती लावायची त्यांना लाज वाटत होती, आणि मी त्यांना त्याच पोरांसमोर गणित शिकवत बसलो होतो. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

तेव्हापासून हत्यारांच्या पेटीशेजारी दीड, दोन आणि अडीच नंबरच्या तीन चाळिश्या ठेवलेल्या असतात. पहिली मी लावतो, मग कुणाला संकोच राहत नाही. गेजच्या पात्यांवर रंगाच्या खुणाही करतो, मात्र पाती जिथे खिळ्याने एकत्र जोडलेली असतात त्या बाजूला. मापाच्या भागावर रंग लागला तर जाडी बदलते आणि माप चुकतं. पावसाळ्यात शेडमध्ये दुपारीही अंधारून येतं, म्हणून टेबलावर एक दिवा हवाच. प्रौढ माणूस "जमत नाय" म्हणाला, तर आधी त्याचे डोळे, कान आणि गुडघे यांची चौकशी करा. अक्कल काढायची वेळ सहसा येतच नाही.

दुसरी चूक पाठ कुठून सुरू करायचा याची. टू-स्ट्रोक इंजिन आतून कसं चालतं त्याचं चक्र फळ्यावर काढलं की तांडेल खिडकीबाहेर बघायला लागतो. तीस वर्षं ज्याने मशीनचा आवाज ऐकलाय, त्याला आधी विचारा, "काका, काल कसा वाजत होता?" तो सांगेल की मशीन थरथरत होतं, दोन माणसं बसली तरी व्हडी पळत नव्हती. दोन सिलिंडरांपैकी एक मेल्याचं हे नेमकं वर्णन आहे. मग दोन्ही सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढून शेजारी ठेवा. चालणाऱ्याचा तपकिरी, मेलेल्याचा काळा आणि तेलकट. चक्र त्यानंतर काढा, तेव्हा ते त्याला स्वतःच्या इंजिनचं वाटतं.

अर्थात, अनुभवातही खोट असते, आणि ती मानापोटी सोडून देऊ नका. पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओतायची सवय इथे खोलवर रुजलेली आहे. 50:1 प्रमाण म्हणजे लिटरला 20 मिली, 25 लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. "तुमचं चुकतं" असं म्हणालात की वाद सुरू होतो. त्यापेक्षा त्यांना नेहमीप्रमाणे ओतायला सांगा, फक्त खाली मापाचं भांडं धरा. आकडा त्यांनी स्वतः वाचला की ऑइल जास्त झालं तर प्लग का तेलकट होतो आणि कमी झालं तर पिस्टन का जाम होतो, हे ते कान देऊन ऐकतात. कोणत्या मशीनला कोणतं प्रमाण, हे मात्र त्याच्या पुस्तकातूनच वाचून घ्या.

"कळलं का?" विचारू नका. मास्तरांचा मान राखायचा म्हणून सगळे हो म्हणतात. "आता मला सांगा" म्हणा. आणि विद्यार्थ्याच्या हातातला पाना काढून घेऊ नका. मी हात पाठीमागे बांधून उभा राहतो, नाहीतर हात आपोआप पुढे जातो.

आता जिवावरची चूक. जूनमध्ये पावसाची झड आत येते म्हणून शेडचं दार लावून मशीन चालू करणारे निदेशक आहेत. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं आणि माणसाला वाटतं, जागरणामुळे असेल. झड आली तर मशीन बंद ठेवा, तो तास प्लग आणि कार्ब्युरेटरवर घालवा. चालू करायचंच तर उघड्या पडवीत, पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये आणि मशीनचा पंखा (प्रोपेलर) काढून. पाण्याशिवाय "दोनच मिनिटं" दाखवायला जाल तर मशीन थंड ठेवणारं पाणी खेचणारा रबराचा इंपेलर जळेल, आणि तुम्हीच शिकवलेली ती सवय व्हडीपर्यंत जाईल. किल स्विचची, म्हणजे ओढली की मशीन बंद करणारी, दोरी वर्गातही मनगटाला लावूनच.

वेळापत्रकात मुंबईचा हिशेब चालत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून लोक मोकळे असतील असं वाटतं. पण त्याच दिवसांत जाळी विणायची असतात आणि भाताची लावणीही असते. आमचा वर्ग संध्याकाळी भरतो. गणपतीत मी तारीख ठेवतच नाही. हिवाळ्यात जत्रेला दशावतार रात्रभर चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन धडा घेतलात तर तो पुन्हा घ्यावाच लागतो.

परीक्षेसाठी मी एक दोष हमखास लावतो. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करून ठेवतो. मशीन एका झटक्यात चालू होतं, काही मिनिटं छान चालतं आणि मरतं. तरुण मुलं लगेच कार्ब्युरेटर उघडायला धावतात. मी थांबवत नाही, त्यांना उघडू देतो. ज्यांना चाळिशी लावायची लाज वाटत होती, ते काका मागच्या वेळी टाकीजवळ गेले, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा (प्रायमर बल्ब) दाबला, तो आत बसलेलाच राहिला. त्यांनी झाकणावर अंगठा ठेवला आणि स्क्रू फिरवला. आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज सगळ्या वर्गाने ऐकला.